डावं चोवीस, उजवं एकतीस

माझं मूळ गाव उत्रोली, भोरला खेटूनच. जन्म तिथला, लगीन तिथल्याच अंगणात झालं, आणि आता छप्पन्न पुरी होऊन सत्तावन्नावं चालू हाय तेबी तिथंच. शेती भाताची, पाच खाचरं, बाकी पोटाला नोकरी. नोकरी म्हंजे भोरातली भाताची गिरण, तीस वर्षं आणि वर चार महिने. गिरणीत काय असतं ते आधी सांगतो, म्हंजे पुढचं तुमाला समजंल. दोन रबराचे रोल असतात, एकमेकांकडं फिरणारे, एक जोरात फिरतो, एक जरा सावकाश, त्यांच्या फटीतनं साळ गेली की टरफल सोलून निघतं. फट जास्त ठेवली तर साळ तशीच खाली येती, कमी ठेवली तर तांदळाची कणी होती. ती फट बघायची, रोल किती झिजला ते मापायचं, झिजला की बदलायचा, हे माझं काम. म्हणून मला मापाची सवय. खिशात डायरी, डायरीत पेन्सिल, कपाटात जाडी मापायचं व्हर्निअर. आमची शोभा, म्हंजे माझी बायको, चारचौघांत सांगती, ह्यांना भाकरी वाढली तर आधी व्यास बघतील आन मग तुकडा मोडतील. सांगू दे. पण डायरीत जे लिहिलंय ते चुकत न्हाई असं मी समजत होतो. आता तसं समजत न्हाई, आणि मग काय समजायचं तेबी कळत न्हाई, म्हणून तर तुमाला सांगत बसलोय.

आता गाडीचं. आमचे दादा, म्हंजे वडील, भोरच्या एका डॉक्टरांकडं ड्रायव्हर होते. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद केला, तवा गाडी दादांनाच देऊन टाकली, म्हणाले तूच हिला ओळखतोस, मी नुसता मागं बसत होतो. गाडी जुनी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, नाक चौकोनी, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. कंपनीचं नाव कशाला घेऊ, तसली गाडी निघायची बंद होऊनच किती सालं झाली. तर आक्काची पाठवणी त्याच गाडीतनं झाली. आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, दिली विंझरला, वेल्ह्याच्या वाटेवर. आमच्या दारापासनं तिच्या दारापर्यंत मीटरवर अडतीस भरतात, कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, मग विंझर. तवा गाडी डॉक्टरांचीच होती, दादांनी एका दिवसासाठी मागून आणली. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरगी गाडीत बसून गेली, एष्टीत न्हाई. त्याचं आक्काला लई होतं. किती होतं ते मला तवा कळलं न्हाई, नंतरबी कळलं न्हाई.

दादा गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं चढली, माझं आणि आक्काचं. मग जो भेटंल तो सांगायला लागला, बहिणीचं हक्कसोड करून घे, आपल्याकडं तसंच असतं. असतंच तसं. बहीण सही करती, भाऊ साडी घेतो, माहेर चालू राहतं. आमच्या आत्यानं दादांना तशीच सही दिलेली. मीबी आक्काला विचारलं, फोनवर न्हाई, विंझरला समक्ष जाऊन विचारलं, आक्का, हक्कसोडावर सही करशील का. ती म्हणाली करीन की. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाली. मग ठरल्या दिवशी गाडी घेऊन गेलो, तिला पुढं बसवलं, भोरला रजिस्टर ऑफिसात आणलं, फोटो निघाला, अंगठा मशीनवर ठेवला, सही झाली. कागद बरोबर, साक्षीदार दोन, साडी तिच्या हातात दिलेली. कुठं काय चुकलं सांगा.

तिथनं पुढं सहा वर्षं आक्का माहेरी आली न्हाई.

भांडली न्हाई, हे लक्षात घ्या. भांडली असती तर निदान कशावरनं भांडली ते तरी कळलं असतं. फोन केला की बोलायची, पाऊस हाय, बरं हाय, तुमचं कसं. गौरीला बोलावलं, म्हणाली गुडघा दुखतोय. दिवाळीला बोलावलं, गुडघा. पोराच्या लग्नाला मी आणि शोभा जोडीनं बोलवायला गेलो, अक्षता दिल्या, तर लग्नाला दाजी एकटेच आले, जेवले आणि गेले. आक्का कुठं विचारलं तर गुडघा. आणि तोच गुडघा घेऊन वेल्ह्याच्या बाजारात हिंडताना तिला तीन जणांनी बघितलेलं, मला तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं.

यंदा काढणी झाल्यावर मी एकटाच एष्टीनं विंझरला गेलो. आक्का ओट्यावर तांदूळ पाखडत होती. म्हणलं आक्का, किती सालं झाली, चल चार दिवस घरी. तिनं सूप थांबवलं न्हाई. म्हणाली, बाळू, ज्या गाडीतनं नेलंस त्या गाडीतनं न्यायला ये, मग बघू. एवढंच बोलली. मग आत जाऊन चहा टाकला, चहात आलं घातलं होतं, म्हंजे राग नव्हता. का होता? रागावलेलं माणूस आलं कशाला किसत बसंल?

घरी येऊन शोभाला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, टोमणा मारला त्यांनी तुमाला, गाडी चार वर्षं शेडमधे पडलीय हे काय त्यांना म्हाईत न्हाई, येत न्हाई असं म्हणायची ती रीत झाली. म्हणलं असंल टोमणा, पण त्यात गाडी आणायला सांगितलंय ना, मग आधी गाडी तर नेऊन बघू. ती म्हणाली, धन्य हाय.

गाडी शेडमधे का पडली होती ते सांगतो. इंजिन चालू व्हायचं, तसं न्हाई. पण चालू झालं की सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायची. आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा. गिअरचा दांडा हातातनं निसटायचा, आणि गतिरोधकावरनं गेलं की खालनं धाडकन आवाज. भोरच्या रस्त्याला सुदाम मेस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज हाय, जुन्या गाड्या जाणणारा आमच्याकडं तेवढा एकच राहिलाय, त्याच्याकडं टेम्पोला बांधून गाडी नेली. त्यानं बॉनेट उघडलं, पहार इंजिनाखाली घालून नुसती जराशी उचलली, तर इंजिन दाताच्या कवळीसारखं हललं. म्हणाला, भाऊ, इंजिनाचा दोष न्हाई, ते ज्याच्यावर बसलंय ते गेलंय.

म्हंजे असं, इंजिन सरळ लोखंडावर बसवत न्हाईत. मधे रबरं असतात, मेस्त्री लोक त्याला माउंटिंग म्हणतात. इंजिनाखाली दोन, एक डावं एक उजवं. गिअरबॉक्सखाली एक. आणि इंजिन ज्या लोखंडी चौकटीवर बसतं ती चौकट गाडीच्या अंगाला जिथं धरती तिथं चार. सात झाली. इंजिन थरथरतं ते ह्या रबरांनी सोसायचं, म्हंजे वर बसलेल्याला कळत न्हाई. ती रबरं सोसून सोसून पार विटली होती, बोट लावलं की काळी भुकटी. सुदाम म्हणाला ह्या गाडीची नवीन मिळणं अवघड, पुण्यात चौकशी करतो, पण वेळ लागंल.

वेळ कशाला लावायचा? रबर म्हणलं की माझी तीस वर्षं त्यातच गेलेली. गिरणीत झिजलेले रोल कोपऱ्यात पडलेले असतात, त्यांच्यावर अजून जाड रबर असतं, आमच्या भागात लोक त्याचं काय काय करतात, दाराला अडणी करतात, चपलेला टाच लावतात, विहिरीवरच्या मोटरीखाली बैठक म्हणून घालतात. मोटरीखाली चालतं तर इंजिनाखाली का न्हाई? सुदामनं जुनी रबरं उतरवली, म्या व्हर्निअर लावलं. डावं चोवीस मिलिमीटर, उजवं एकतीस. तीनदा मापलं, तिन्हीदा तेच. डायरीत लिहिलं, शेजारी आकृती काढली, रोलाचं रबर करवतीनं कापलं, कानशीनं घासलं, आणि डावं चोवीस, उजवं एकतीस असं तयार केलं, अर्धा मिलिमीटर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. गिअरबॉक्सचं आणि चौकटीची चारबी तशीच, जेवढी मापली तेवढी.

सुदामनं ती हातात घेऊन बघितली. म्हणाला, भाऊ, डावं-उजवं असं वेगळं कसं? म्हणलं इंजिनाचं वजन डाव्या अंगाला जास्त असंल, करणाऱ्यानं काही विचार करूनच केलं असंल. त्यानं डोकं खाजवलं. पण मी वयानं मोठा आणि माझ्या हातात व्हर्निअर, त्यानं पाना उचलला.

बसवण्याची रीतबी बघण्यासारखी असती. बोल्ट गंजलेले, त्यांना दोन दिवस तेल पाजलं. मग जॅकवर लाकडाची फळी ठेवून इंजिनाला खालनं टेकू दिला, नुसता टेकू, उचलायचं न्हाई. आणि चौकटीचे बोल्ट सगळे एकदम सोडायचे न्हाईत, एक सोडायचा, त्याचं रबर बदलायचं, हातानं आवळायचा, मग दुसरा, न्हाईतर चौकट जागा सोडती आणि पुन्हा भोकाला भोक मिळत न्हाई. दिवसभर गेला. संध्याकाळी किल्ली फिरवली.

काय सांगू तुमाला. आधी थडथड होती, आता कुटकुट झाली. स्टेअरिंग धरलं की कोपरापर्यंत मुंग्या. आणि पंख्याचं पातं खालच्या पत्र्याला घासून खर्र असा आवाज, जो आधी नव्हता. म्या गाडीखाली शिरून पुन्हा माप घेतलं. चोवीस, एकतीस. सगळं बरोबर. माप बरोबर आणि गाडी चूक, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं. आठ दिवस मी रोज गॅरेजला जायचो, मापायचो आणि परत यायचो. शोभा म्हणाली, आता त्या रबराला ताप हाय का तेबी बघून या.

मग पुण्याहून एष्टीच्या पार्सलनं खोका आला. सुदामनं सांगून ठेवलेलं, कुणा जुन्या सामानवाल्याकडं सातबी रबरं निघाली, न वापरलेली, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. इंजिनाची दोन काढून म्या व्हर्निअर लावलं. एक चाळीस, दुसरंबी चाळीस. डाव्या-उजव्याची नुसती खूणसुद्धा न्हाई. आणि मऊ, अंगठ्यानं दाबलं की जरा आत जाईल अशी. म्हणलं सुदाम, चुकीची पाठवली, परत कर. तो हसला न्हाई, त्याचं हे मला आवडलं. म्हणाला, भाऊ, ही बरोबर हायत. तुमी दबलेल्याचं माप घेतलंत. इतकी सालं भार घेऊन डावं चोवीसवर आलं, उजवं एकतीसवर, ओढ घेताना इंजिन एका अंगाला रेटतं, त्या अंगाचं जास्त दबतं, ते काय त्याचं माप हाय व्हय? ते आधी किती होतं ते बघायला पायजे होतं.

मी तिथंच टायरवर बसलो. एवढी साधी गोष्ट. गिरणीत झिजलेला रोल मापताना शेजारी नवा असायचाच, फरक दिसायचा. हितं नवं कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. जे होतं तेच खरं धरलं.

घरी जाऊन जुन्या डायऱ्या काढल्या, ह्या गाडीचं पूर्वी कुणी काही बदललं होतं का ते बघायला. ते मिळालं न्हाई. पण हक्कसोडाच्या दिवसाचं पान निघालं. माझंच अक्षर. आक्का, सही ११.४०. एष्टी १.१५. गिरण २.

एष्टी? मग हळूहळू आठवलं. दोनला माझी पाळी होती. गाडी तवा थडथडायला लागलेली, विंझरला जाऊन दोनच्या आत परत येणं झालं नसतं. म्हणून आक्काला भोरच्या स्टँडवर सोडलं, एष्टीची वेळ विचारून दिली, हात केला आणि गेलो. सहीला आणलं गाडीतनं, सही झाल्यावर लावली एष्टीला. सहा वर्षं ते पान माझ्या कपाटात होतं आणि मी समजत होतो त्या दिवशी सगळं वेळेवर झालं. पण मला हेबी कळंना, की एवढ्याशानं माणूस सहा वर्षं येत न्हाई? का ते एवढंसं नव्हतं? शोभाला पान दाखवलं. ती म्हणाली, तुमी हे लिहूनबी ठेवलंत.

दुसऱ्यांदा रबरं बसवली, सातबी पुण्याची. ह्या वेळी सुदामनं शेवटचा आटा लगेच आवळला न्हाई. टेकू काढला, गाडी जमिनीवर उतरवली, इंजिनाचं वजन रबरावर बसू दिलं, मगच बोल्ट कसले. म्हणाला, भार नसताना कसलं तर रबर पिळवटून बसतं, आन महिन्यानं पुन्हा घेऊन या, नवं रबर बसायला वेळ घेतं, पुन्हा कसावं लागंल. मग इंजिन चालू केलं आणि चहाचा कप बॉनेटवर ठेवला. चहावरची साय हलली न्हाई.

रविवारी मी आणि शोभा विंझरला गेलो. नसरापूर सोडलं, मार्गासनी आली, आरशात मागचा ट्रक एकच दिसत होता. आक्काच्या दारात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. ती बाहेर आली. गाडीला एक वळसा घातला आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहिली. म्हणाली, हलत न्हाई रं. मग म्या तिला सगळं सांगितलं, सात रबरं, चोवीस, एकतीस, चाळीस, ती ऐकत होती. शेवटी म्हणलं, आक्का, डायरीत सापडलं मला, त्या दिवशी तुला एष्टीत बसवलं, सव्वाची. ती म्हणाली, सव्वाची न्हाई, पावणेदोनला सुटली ती, साडी मांडीवर घेऊन बसले होते.

माझी डायरी चुकली होती. मी वेळ विचारून लिहिली होती, ती तिथं बसली होती.

म्हणलं पण आक्का, म्या विचारलं होतं तुला, दोनदा विचारलं. ती म्हणाली, व्हय, सही करशील का इचारलंस, मी म्हणले करीन. तुला काय पायजे का, हे न्हाई इचारलंस. आणि आत निघून गेली.

मला वाटलं झालं, संपलं. शोभा म्हणाली, उभे काय राहिलात, दार उघडा गाडीचं. म्हणलं कुणासाठी? तेवढ्यात आक्का पिशवी घेऊन बाहेर आली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. एवढ्यात पिशवी कोण भरतं? आधीच भरलेली असणार. पण मी येणार हे तिला कुठं म्हाईत होतं? शोभानं फोन केला होता का, विचारलं तर दोघीबी सांगत न्हाईत.

वाटेत आक्का काच खाली करून वारं घेत बसली. उत्रोलीत शिरल्यावर म्हणाली, घराकडं नगं, आधी शेताकडं घे. बांधाला गाडी लावली. काढणी झालेली, खाचरांत नुसते बुडखे. ती गुडघ्याला हात न लावता बांधावर चढली, पाचबी खाचरांवरनं नजर फिरवली आणि म्हणाली, बाळू, ह्यातलं माझं कंचं होतं रं?

मी सांगायला लागलो, वरचं साडेचार गुंठे, त्याच्या खालचं सहा, वढ्याकडचं... ती म्हणाली, माप न्हाई इचारलं. पाचही खाचरांचे गुंठे मला तोंडपाठ, पण तिचं कंचं हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. कागदावर दोन नावं आली, त्यातलं एक गेलं, मधे कुणी तिला बांधावर उभं करून हे तुझं असं म्हणलंच न्हाई. ती म्हणाली, बरं चल, भूक लागली.

चार दिवसांसाठी आलेली, आज सव्विसावा दिवस हाय. रजिस्टर ऑफिसात म्या चौकशी केली, एक खाचर तिच्या नावानं बक्षीसपत्र करून देता येतं. शोभाचं न्हाई म्हणणं न्हाई, पोराचंबी न्हाई. मग आक्काला नीट विचारलं, तुला काय पायजे, सही-बिही काही न बोलता विचारलं. ती लई हसली. म्हणाली, आता इचारतोस व्हय, थांब मग, इचार करून सांगते. रोज सकाळी शेताकडं जाती, एक दिवस वरच्या बांधावर बसती, एक दिवस वढ्याकडं. तिला खाचर पायजे, का नुसतं माझं बघायचंय, का अजून तिसरंच काही हाय, मला खरंच कळत न्हाई. डायरीत आकडा टाकायला जागा सोडलीय, तिथं एवढंच लिहिलंय, आक्काला विचारलं, उत्तर यायचंय.

आता येत्या गुरुवारी सुदामकडं बोल्ट कसायला जायचंय, महिना भरत आला. आक्का म्हणती मीबी येणार, गाडीत बसणार आन कसतानाबी उतरणार न्हाई. सुदामला फोनवर सांगितलं, वाटलं तो अडचण सांगंल. तर म्हणतो, बसू द्या की आक्कांना, भार असतानाच कसायचं असतं.

चला, तुमालाबी घरी जायचं असंल. सुखानं जावा. कधी उत्रोलीवरनं गेलात तर आमच्या दाराकडं बघा, गाडी उभी दिसली तर आक्का अजून हितंच हाय असं समजा आणि चहाला या.